‘घर बदलायचे तर मे महिन्यातच’ या सल्ल्याविषयी

मार्च संपत आला की भाड्याच्या घरात राहणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा की, महाराष्ट्रात घर बदलायला मे महिन्यासारखा दुसरा काळ नाही; पावसाची भीती नसते, मुलांच्या शाळांना सुटी असते, पुष्कळ घरे रिकामी होत असल्याने भाडे कमी करून मिळते आणि कोरड्या दिवसांत घर नीट पारखता येते; म्हणून कितीही अडचण असली तरी मेपर्यंत थांबावे, आणि चातुर्मास लागला की दिवाळीपर्यंत सामान मुळीच हलवू नये. हा सल्ला आपुलकीने दिला जातो यात शंका नाही. परंतु गेली अनेक वर्षे भाड्याच्या घरांत काढल्यामुळे, आणि हा सल्ला पाळून पस्तावल्यामुळेही, त्यातील एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

पावसाचा मुद्दा सर्वांत कमी वादाचा आहे. हवामान विभागाने 2020 साली सुधारलेल्या तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबईत सर्वसाधारणपणे 11 जूनला पोहोचतो. मात्र 2025 साली तो 26 मे रोजीच दाखल झाला, आणि ज्यांनी महिन्याचा शेवटचा आठवडा टेम्पोसाठी राखून ठेवला होता त्यांना गाद्या व पुस्तके ताडपत्रीखाली न्यावी लागली. विदर्भात तर पाऊस नसणे हीच मे महिन्याची अडचण आहे. चंद्रपूर, अकोला, नागपूर येथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि अशा दुपारी गोदरेजचे कपाट पाठीवर घेऊन तीन जिने चढणारे हमालही माणसेच असतात, याचा विचार तो महिना ‘सोयीचा’ ठरवताना कोणी केलेला दिसत नाही.

शाळेचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यात, तर विदर्भात त्यानंतर उघडतात, त्यामुळे या मुलांच्या बाबतीत मे महिना खरोखरच मोकळा असतो. परंतु सीबीएसईच्या शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते. तेथे मे महिन्यात घर बदलणारे पालक मुलाला एक महिना शिकून झालेल्या वर्गातून उचलतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांसाठी अर्ज करणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. या प्रवेशात घर आणि शाळा यांतील अंतर मोजले जाते, आणि भाडेकरूंकडून पत्त्याचा पुरावा म्हणून अर्जाच्या तारखेपूर्वी नोंदवलेला भाडेकरार मागितला जातो. 2025 साली हे अर्ज जानेवारीत भरून घेतले गेले. ज्या कुटुंबाला अमुक शाळेच्या परिसरात राहायला जायचे होते, त्याने मे महिन्याची वाट पाहिली असती तर ते वर्ष हातचे गेले असते. उलट, वर्षाच्या मध्ये घर बदलल्यास मुलाचे शिक्षण अडते ही भीती वाजवीपेक्षा मोठी करून सांगितली जाते. त्याच कायद्याच्या कलम 5 नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला एवढ्या कारणावरून नवी शाळा त्याचा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

आता भाड्याचा मुद्दा, ज्यावर या संदेशाची सारी भिस्त आहे. मे महिन्यात घरे रिकामी होतात हे खरे. पण ती सोडणारी कुटुंबे त्याच आठवड्यात दुसरे घर शोधत असतात, हे संदेशात येत नाही. जितकी दारे उघडतात तितकीच माणसे दाराशी उभी असतात, शिवाय पुण्यासारख्या शहरात जूनपासून शिकायला आणि नोकरीला येणाऱ्यांची भर पडणार हे मालकांना आणि एजंटांना पक्के ठाऊक असते. अशा वेळी भाडे कमी करण्याचे कारण मालकाला उरत नाही. टेम्पो, हमाल, पॅकर्स, रंगारी हे सगळेही त्याच दिवसांत सगळ्यांना हवे असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी व सुसह्य असते आणि घर शोधणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते. माझ्या अनुभवात मालकाने भाड्याविषयी शांतपणे बसून बोलणी केली ती याच दिवसांत.

याहून महत्त्वाची गोष्ट कराराची आहे. आपल्याकडचा लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. 1 जूनला सुरू झालेला करार 30 एप्रिलला संपतो, त्यापुढचा 31 मार्चला, आणि त्याच्या पुढचा फेब्रुवारीअखेर. म्हणजे कराराची तारीख दर खेपेला एक महिना मागे सरकते, आणि ‘दरवर्षीचा मे’ नावाची सोय भाडेकरूच्या हाती राहतच नाही. मार्चअखेर करार संपल्यावर केवळ संदेशावर विसंबून दोन महिने तसेच राहणे धोक्याचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई घेता येते. बहुतेक मालक त्या थराला जात नाहीत, समजुतीने घेतात. पण थांबायचेच असेल तर तेवढ्या काळासाठी नवा करार करून तो नोंदवून घ्यावा. तोंडी मुदतवाढीवर राहू नये.

कोरड्या दिवसांत घर नीट पारखता येते, या विधानाला मी स्वतः फसलो. एका मे महिन्यात आम्ही नुकताच रंग दिलेला, स्वच्छ आणि हवेशीर फ्लॅट घेतला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निजायच्या खोलीच्या भिंतीवर ओल चढली, पोपडे सुटले, आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येऊ लागला. मालकांना हे आधीपासून माहीत होते, हे शेजाऱ्यांच्या बोलण्यातून पुढे कळले. उन्हाळ्यात घर पाहून नळाला पाणी किती येते आणि टँकर मागवावा लागतो का, एवढे मात्र खात्रीने समजते, आणि ते कमी मोलाचे नाही. गळती, गटाराचे तुंबणे, जिन्यावर साचणारे पाणी, वाहनतळाची अवस्था हे सारे भर पावसातच दिसते. म्हणून घरे पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये जावे आणि सामान पाऊस सरल्यावर हलवावे, असे मी आता विचारणाऱ्यांना सांगतो.

राहिला चातुर्मास. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती जरूर पाळावी. परंतु नव्याने बांधलेल्या स्वतःच्या घराची वास्तुशांत आणि भाड्याच्या जुन्या घरात राहायला जाणे या दोन गोष्टी परंपरेनेही एकच मानलेल्या नाहीत. जुन्या घरातील प्रवेशाला कार्तिक आणि मार्गशीर्षाबरोबर श्रावणही चालतो असे मुहूर्तशास्त्र सांगते, आणि श्रावण तर चातुर्मासातच येतो. शिवाय 2026 साली 17 मे ते 15 जून या काळात अधिक ज्येष्ठ आहे. अधिक मासात गृहप्रवेश न करणाऱ्यांना त्या वर्षी मे महिन्याचा उत्तरार्ध वापरताच येणार नाही.

मला खरी चिंता वाटते ती ‘दिवाळीपर्यंत मुळीच हलवू नये’ या शब्दांची. मुंबईत डोंगरीची इमारत 16 जुलै 2019 रोजी कोसळली, तिथल्याच भेंडी बाजारातील 31 ऑगस्ट 2017 रोजी आणि भिवंडीतील 21 सप्टेंबर 2020 रोजी. तिन्ही तारखा पावसाळ्यातल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी म्हाडा हे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण मुंबईतील अतिधोकादायक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींची यादी जाहीर करते, महापालिकाही धोकादायक इमारती रिकाम्या करण्याच्या नोटिसा देते, आणि ज्यांच्या दारावर अशी नोटीस लागलेली आहे त्या कुटुंबांकडेही हाच संदेश पोहोचतो. तात्पुरत्या निवाऱ्याचे संक्रमण शिबिर दूर आहे, मुलांची शाळा लांब पडेल, एकदा जागा सोडली की हक्क जाईल, अशा खऱ्या भीतींनी ही कुटुंबे आधीच अडून बसलेली असतात. त्यांना थांबण्यासाठी आणखी एक कारण देणे अत्यंत चुकीचे आहे. हा संदेश ज्यांना पुढे पाठवायचाच आहे, त्यांनी निदान हे एक वाक्य त्यातून काढून टाकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.