पैसे घेण्याआधी ओळखपत्र पाहा

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिले, की कागदपत्रांअभावी क्रूझच्या दारातून परत पाठवल्या जाणाऱ्या लोकांची त्यांना मुळीच कीव येत नाही; सहलीसाठी हजारो रुपये मोजता येतात, तर अटी वाचता येत नाहीत का? त्यावर पटापट अंगठे उमटले. मी तिथेच उत्तर लिहायला घेतले, पण राग इतका होता की दोन ओळींत मावणारा नव्हता. म्हणून इथे लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या आत्याला मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवरून परत यावे लागले. मुंबई-गोवा अशी क्रूझ होती, तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, एका टूर एजन्सीमार्फत तिच्या पंच्याहत्तरीनिमित्त आखलेली. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्नाआधी नोकरीला लागली, त्यामुळे सेवापुस्तकात माहेरचे नाव, निवृत्तिवेतनात तेच, आणि पुढे आधार कार्ड काढताना तेच कागद जोडल्यामुळे आधारवरही माहेरचेच नाव. सासरी मात्र लग्नात पहिले नावही बदलले होते. शेजारीपाजारी, नातेवाईक, मतदार यादी, रेशनकार्ड, सगळीकडे ती सासरच्या नावाने ओळखली जाते. एजन्सीने फोनवर विचारले, "प्रवाशांची नावे सांगा," आणि आतेभावाने आईचे जे नाव जन्मापासून ऐकले तेच सांगितले. पैसे गेले, पावती आली, तिकीटही आले.

काउंटरवर तिकिटावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एक अक्षरही जुळेना.

मतदार ओळखपत्रावर तिकिटावरचेच नाव होते, पण ते कळव्याच्या घरी कपाटात होते. शेजारच्या मुलाने कुलूप उघडून त्याचा फोटो पाठवला. काउंटरवर सांगितले गेले, की मूळ कार्ड हवे. तो मुलगा कार्ड घेऊन लोकलने निघाला, पण तो पोहोचण्याआधीच चेक-इन बंद झाले. एजन्सीचा फोन तेवढा वेळ कोणी उचलला नाही. आत्याने सुनेला आणि नातवंडांना बळेच जहाजावर पाठवले आणि मुलासोबत टॅक्सीने घरी परतली.

ओळखपत्र मागणे चूक आहे असे मी म्हणत नाही. प्रवाशांची अचूक यादी किनाऱ्यावर असणे हा सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय नियम आहे; जहाजावर काही घडले तर कोणाला शोधायचे हे त्या यादीवरूनच कळते. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाच्या आठवणी आहेत. आणि 26 नोव्हेंबर 2008 नंतर समुद्राच्या वाटेवर माणसाची ओळख विचारू नये असे मुंबईत कोण म्हणेल? नियम योग्य आहे. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनी तो पाळला, त्यांच्यावर माझा रोष नाही.

माझा रोष आहे तो ज्यांनी पैसे घेतले त्यांच्यावर. हा नियम आत्याला ठाऊक नव्हता, तिच्या मुलाला ठाऊक नव्हता. पण जो माणूस रोज क्रूझची तिकिटे विकतो त्याला तो तोंडपाठ होता. "नाव सांगा" याऐवजी "ज्या ओळखपत्रावर प्रवास करणार त्याचा फोटो पाठवा" एवढे म्हणायला त्याला किती वेळ लागला असता? अटी पावतीसोबत आल्या होत्या, हे खरे. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, कितीतरी पाने, आणि पैसे वळते झाल्यानंतर. ग्राहकाने त्या वाचल्या नाहीत हे विक्रेत्याला सोयीचे असते, कारण मग परतावा न देण्याचे कलम त्याच पानांत तयार असते.

ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना मी विचारते, तुमच्या आईच्या आणि सासूबाईंच्या कागदांवर एकच नाव आहे का? आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, आणि आत्याच्या पिढीत तर तांदळावर सोन्याच्या अंगठीने तिचे स्वतःचे नावही बदलून लिहिले जात असे. त्या समारंभाला अख्खे गाव जेवायला होते, पण नावात बदल झाल्याचे राजपत्र कोणी काढले नाही, विवाह नोंदणीचा दाखलाही फारच थोड्या जणींकडे आहे. आता आधारवर नाव बदलायचे म्हटले की हेच कागद मागतात, आणि तो बदलही आयुष्यात दोनदाच करता येतो. त्यामुळे सहलीच्या आदल्या रात्री धावपळ करून काही होत नाही. ही गोंधळाची घडी त्या बायकांनी घातलेली नाही. त्यांना नाव दिले गेले, त्यांनी ते पन्नास वर्षे निभावले, आणि काउंटरवर उभे राहून "मीच ती" हे सिद्ध करण्याची वेळ मात्र त्यांच्यावर आली.

म्हणून जे एजन्सीने सांगायला हवे होते ते मीच इथे सांगते. माझ्या मित्रयादीतली अनेक कुटुंबे पहिल्यांदाच क्रूझला निघण्याच्या बेतात आहेत.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या, देशाबाहेर कुठेही न थांबणाऱ्या क्रूझला भारतीय नागरिकाला पासपोर्टची सक्ती नसते. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक मूळ कागद सोबत लागतो. झेरॉक्सवर किंवा व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर विसंबू नका. पॅन कार्डावरही विसंबू नका. त्यावर पत्ता नसतो आणि ते सहसा स्वीकारले जात नाही. तिकिटावरचे नाव त्या कागदावरच्या नावाशी अक्षरशः जुळवून घ्या, मधल्या नावासकट. जायच्या आधी ऑनलाइन चेक-इन करून बोर्डिंग पास छापून घ्या, आणि जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी काउंटर बंद होतो हे लक्षात ठेवून घरातून निघा. आत्याच्या वेळी तो शेजारचा मुलगा थोडा आधी पोहोचला असता, तर आज मी हे लिहीत नसते.

मुलांच्या बाबतीत जास्त जपा. लहान मुलालाही स्वतःचा कागद लागतो. त्याचे आधार आणि जन्मदाखला दोन्ही ठेवावेत. आजी-आजोबा, मावशी किंवा काका मुलाला आईवडिलांशिवाय नेणार असतील, तर आईवडिलांच्या सहीचे संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती हव्यात. हे पत्र मागितले की आजी दुखावतात, माझ्याच नातवाला नेण्यासाठी मला परवानगी कशाला? पण मूल कोणाबरोबर चालले आहे हे विचारणारी यंत्रणा असावी, याबद्दल माझे दुमत नाही. घरात कोणी गरोदर असेल, तर बहुतेक क्रूझ कंपन्या चोविसावा आठवडा लागल्यानंतर प्रवास करू देत नाहीत, आणि त्याआधीही डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक सोबत असतील, तर देशांतर्गत क्रूझलाही त्यांना पासपोर्ट आणि त्यासोबत व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) लागेल. त्यांचा वाहन परवाना इथे उपयोगाचा नाही.

परदेशी क्रूझचे प्रकरण वेगळे आहे, आणि तिथे फसगत अधिक महागात पडते. सिंगापूरहून सुटून पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत येणारी क्रूझ आपल्याकडे खूप विकली जाते. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली हवी, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण जहाज परत येते तेव्हा प्रवासी सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करत असतो, म्हणून व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे पाहावेच लागते. त्याशिवाय पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सिंगापूरचे अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचे असते. सरकारी संकेतस्थळावर ते विनाशुल्क आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

अलास्काचे तर विचारूच नका. मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या कितीतरी आईवडिलांना सिएटलहून अलास्काची क्रूझ घडवली जाते, आणि अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचे म्हणून अमेरिकेचा व्हिसा पुरेल असे सर्वांना वाटते. पण ते जहाज वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदरात थांबते, कारण अमेरिकेच्या 1886च्या एका कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजाला दोन अमेरिकी बंदरांमध्ये प्रवाशांची थेट ने-आण करता येत नाही आणि अशा फेरीत परदेशी बंदर घ्यावे लागते. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर फिरायला आलेल्या आईवडिलांना कॅनडाचाही व्हिसा लागतो, जरी ते तिथे जहाजातून उतरणार नसले तरी. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी कायदा सांगलीतल्या निवृत्त माणसाने पाठ करून ठेवावा अशी अपेक्षा आहे का? विकणाऱ्याला तो ठाऊक असतो.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण त्या दिवशीची आणखी एक गोष्ट आठवली. काउंटरवरच्या मुलीने आत्यासाठी खुर्ची आणली, पाणी दिले, आणि "आजी, माझ्या हातात असते तर मी सोडले असते" असे म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. आत्याने तिचीच समजूत घातली. आत्याला त्या जहाजावरच्या मेजवान्यांचे किंवा पोहण्याच्या तलावाचे काही नव्हते. लहानपणी ती वडिलांबरोबर भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने विजयदुर्गला जात असे. बोट आत लागत नसे, पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरून किनाऱ्यावर जावे लागे. तोच किनारा एकदा पुन्हा समुद्रातून पाहायचा, एवढीच तिची इच्छा होती. हे तिने मला नंतर सांगितले. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही.

मान्य आहे, आतेभावाने एकदा आईचे आधार काढून पाहायला हवे होते. तोही हे मान्य करतो, आणि महिनोन्महिने त्याच्या मनाला ते लागून राहिले आहे. पण ज्याने चूक होऊ शकते हे माहीत असून विचारले नाही, त्याला मात्र काहीच लागलेले नाही. एजन्सीने पुढच्या सहलीवर सवलतीचे कूपन देऊ केले, ते आत्याने नाकारले. आतेभावाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. पैशांच्या परताव्यासोबत त्यात एक मागणी आहे: प्रत्येक प्रवाशाच्या ओळखपत्राची प्रत पाहून, नाव जुळवून, मगच पैसे घ्यावेत, आणि लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत, पैसे घेण्याच्या आधी हाती द्यावी. असा अनुभव ज्यांना आला असेल त्यांनी मला निरोपातून लिहावे. तक्रारीचा मसुदा मी पाठवीन, आपापल्या नावाने तो दाखल करता येईल.