चेक बाऊन्सची केस आहे? मग वीस टक्के आधी मागा

‘चेक बाऊन्स झाला म्हणून कुणाला आरोपी कशाला करायचं, दिवाणी दावा लावा’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखानदारांशी बोलावं. माझंही तिथे जॉबवर्कचं युनिट आहे. माल चलनावर जातो, बिल होतं आणि हातात पडतो पुढच्या तारखेचा चेक. तो परत आला की बँकेचा चिटोराएवढा मेमो मिळतो, ‘फंड्स इनसफिशियंट’. पगार थांबत नाहीत. जीएसटी तर पैसे यायच्या आधीच खिशातून भरलेला असतो.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १३८, म्हणजे चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं कलम, लागू झालं १ एप्रिल १९८९ पासून. जून २०२० मध्ये अर्थ मंत्रालयाने ते फौजदारीतून काढायचा प्रस्ताव आणला होता, तो बारगळला हे फार चांगलं झालं. दिवाणीत कोर्ट फी भरा, हुकूमनामा मिळवा, मग वसुलीसाठी पुन्हा दरखास्त. उधारीवर जगणाऱ्याने तेवढा दम कुठून आणायचा?

पण फौजदारीतही घड्याळ फिर्यादीलाच लागतं. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पुढे पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. तक्रारीला एक दिवस उशीर झाला तर विलंबमाफीसाठी हात जोडा. आरोपीला मात्र सगळा वेळ. शक्यतो सहा महिन्यांत खटला संपवा असं कायदाच म्हणतो, आणि इथे समन्सच लागत नाही. पाकीट परत येतं, वर शेरा ‘दरवाजा बंद’. त्याच पत्त्यावर त्या माणसाचं शटर रोज सकाळी उघडतं! सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला पोचवायला समन्स फिर्यादीच्या हातीही द्या, ईमेल-व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा असं सांगितलंय. हे कधीच व्हायला हवं होतं.

माझा खरा मुद्दा त्याच कायद्यातल्या कलम १४३-अ चा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून ते लागू आहे. आरोपीने गुन्हा नाकबूल केला की कोर्ट त्याला चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं, तीही ६० दिवसांत. पाच लाखांचा चेक असेल तर एक लाखापर्यंत. छोट्या युनिटचे दोन महिने त्यात निघतात. आरोपी निर्दोष सुटला तर फिर्यादीने ती रक्कम व्याजासकट परत करायची, म्हणजे आरोपीवरही अन्याय नाही.

ही भरपाई आपोआप मिळत नाही, कोर्टाने कारणं नोंदवून ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. मला ते पटतं. कोरे चेक सही करून घेऊन माणसाला नाडणारे सावकारही आपल्यातच आहेत, त्यांना सरसकट वीस टक्के मिळता कामा नयेत. पण ज्याच्याकडे चलन, बिल, माल पोचल्याची सही सगळं आहे, त्याने का मागू नये? आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांच्या केसमध्ये हा अर्ज लागलेलाच नाही.

तुमची केस ठाण्यात कोर्ट नाक्याला असो वा बेलापूरला, आजच वकिलांना फोन करून विचारा, १४३-अ चा अर्ज तयार आहे का. आरोपीची प्ली झाली, म्हणजे त्याने कोर्टात गुन्हा नाकबूल केला, की त्याच तारखेला तो पुढे जायला हवा, चलन-बिलांच्या प्रती जोडून.