आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण आणि एक फिरता संदेश

पावसाळा जवळ आला की घराघरांत एक संदेश फिरू लागतो: आरसीसीबीवरचे (फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांत फरक, म्हणजे गळती, आढळताच वीज तोडणारे उपकरण) ‘टेस्ट’ बटण दर महिन्याला दाबल्यास ती झिजते, बटण दाबून ती पडली, म्हणजे तिने वीज तोडली, की अर्थिंगही ठीक आहे असे समजावे, आणि पावसात सारखी पडू लागली तर वायरमनकडून ती बायपास करून, म्हणजे तिला वगळून तारा थेट जोडून घ्यावी, कारण एमसीबी (तारेतून जास्त प्रवाह वाहू लागल्यास वीज तोडणारी कळ) असतेच.

झिजण्याची भीती निराधार आहे. मानकानुसार या उपकरणाची चाचणी सुमारे 2000 वेळा चालू-बंद करून घेतली जाते, तर महिन्यातून एकदा बटण दाबले तरी 10 वर्षांत 120 खेपाच होतात. उलट वर्षानुवर्षे न हललेली यंत्रणा धूळ आणि दमटपणामुळे आखडू शकते. बटण दाबून धरून ठेवू नये, एवढाच या भीतीत सत्याचा अंश आहे, कारण आतला रोधक क्षणभराच्या प्रवाहासाठीच असतो. वीज चालू असताना, संगणक आधी बंद करून, बटण एकदा दाबावे. तरीही आरसीसीबी पडली नाही, तर ती बदलावी.

अर्थिंगचा दावा अधिक फसवा आहे. ते बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्येच रोधक जोडून फरकाचा प्रवाह निर्माण करते. अर्थिंगच्या तारेशी त्याचा संबंधच येत नाही, त्यामुळे ती तार तुटलेली असली तरी आरसीसीबी पडेल. शिवाय बटणाचा प्रवाह 30 मिलिअँपिअरपेक्षा जास्त असू शकतो, म्हणून ती नेमक्या किती गळतीला आणि किती वेळात पडते, हे परीक्षण यंत्र लावूनच कळते.

सर्वांत घातक सल्ला बायपासचा आहे. माणसाच्या शरीराचा रोध 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला त्यातून सुमारे 230 मिलिअँपिअर वाहतील. हृदयाची लय बिघडवायला एवढा प्रवाह पुरेसा असतो, पण 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो तिच्या क्षमतेच्या सत्तराव्या भागाइतकाच असतो, आणि एवढ्याने ती पडणार नाही. एमसीबी तारांना जपते. माणसाला जपण्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असते, आणि तेवढ्या गळतीला तिने 0.3 सेकंदात पडलेच पाहिजे. (फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरले, तर मात्र तीही वाचवू शकत नाही.)

पावसात ती पडते तेव्हा दोष बहुधा तिच्यात नसतो. ओल आलेला बाहेरचा बोर्ड, गिझरचे जुने एलिमेंट किंवा इन्व्हर्टर बसवताना मिसळले गेलेले न्यूट्रल, अशी कारणे आढळतात. सगळे प्लग काढून आणि सर्व एमसीबी बंद करून आरसीसीबी चालू करावी, मग एकेक एमसीबी चढवत कोणत्या वेळी ती पडते ते पाहावे. सगळ्या एमसीबी बंद असतानाही ती पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकल्याची शक्यता मोठी असते, कारण एकेरी एमसीबी फक्त फेज तोडते. अशा वेळी वायरमनला बायपास करायला नव्हे, तर तो दोष शोधायला बोलवावे.