जुन्या रायफलवर जुनीच दुर्बीण कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून खाली दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की 1930च्या सुमाराच्या ग्रिफिन अँड हाऊ या अमेरिकी दुकानाने घडवलेल्या शिकारी रायफलवर आजची नेम धरायची दुर्बीण चढवू नये. त्यावर तुमचं म्हणणं असं : ही रायफल म्हणजेच मुळात स्प्रिंगफील्ड 1903 या अमेरिकी लष्करी रायफलची मोडतोड, मग तिचं 'मूळ रूप' कसलं जपताय? जुन्या अडीचपट दुर्बिणीतून धड दिसत नाही, तेव्हा हा निव्वळ शौकिनांचा नखरा. आणि टेक्सासमधल्या तुमच्या भाच्याने अशीच एक रायफल घेतलीय, त्याने तिच्यावर नवी दुर्बीण लावली तर बिघडलं कुठे?

आधी मोडतोडीचं बघू. ग्रिफिन अँड हाऊ हे दुकान 1923 साली न्यूयॉर्कमध्ये निघालं. सीमूर ग्रिफिन हे लाकडी सामान घडवणारे कारागीर, तर जेम्स हाऊ फ्रँकफर्ड आर्सेनल या अमेरिकी लष्करी कारखान्यात यंत्रकामात मुरलेले. हाऊ काही महिन्यांतच बाहेर पडले, पाटीवर मात्र कायमचे राहिले. त्या काळी स्प्रिंगफील्ड ही जुनी दुर्मीळ चीज नव्हती, तिचं उत्पादन चालू होतं. गिऱ्हाईक ती कच्चा माल म्हणूनच घेऊन येई. दस्ता नवा, उत्तम अक्रोडाचा, गिऱ्हाइकाच्या खांद्याच्या आणि हाताच्या मापाने. नळी बऱ्याचदा नवी. आणि कामाला दुकानाचा स्वतःचा क्रमांक. त्या क्रमांकाची रायफल हेच तिचं मूळ रूप. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी गॅरेजमध्ये करवतीने कापलेल्या शेकडो स्प्रिंगफील्ड दिसतात. त्यांना तुम्ही मोडतोड म्हणा, माझी काही हरकत नाही.

आता दुर्बीण. तुम्ही तिला वरून लावलेला दागिना समजताय, इथेच आपलं बिनसतं. लष्करी 1903चा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा सरकता दांडा, उघडला की त्याची मूठ सरळ वर येते आणि खाली बसवलेल्या दुर्बिणीवर आपटते. सेफ्टीचं, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून असलेल्या अडकणीचं, पानही मागच्या बाजूला डावीकडून उजवीकडे पलटतं, त्यालाही दुर्बीण आडवी येते. म्हणून कारागीर मूठ तापवून वाकवत आणि सेफ्टी बदलत. नजर जितकी वर न्यायची, तितका गालाखालचा दस्ताही उंच ठेवावा लागे. म्हणजे कोणती दुर्बीण, कोणत्या माउंटवर (दुर्बीण धरणाऱ्या बैठकीवर), किती उंचीला, हे ठरल्यावर बाकीची रायफल आकार घेई. त्यातली दुर्बीण काढून दुसऱ्या उंचीची लावली की गाल एकीकडे आणि डोळा दुसरीकडे.

ग्रिफिन अँड हाऊचा साइड माउंट हातात घेऊन बघा. रिसिव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याच्या, डाव्या अंगाला स्क्रू आणि पिनांनी पक्की केलेली पोलादी पट्टी, तिच्यावर सरकणारा धारक, दोन छोटे खटके. खटके उलटे फिरवले की अख्खी दुर्बीण हातात येते, आणि परत बसवली की नेम पुन्हा जागेवर. हे साधतं कारण धारक त्या एका पट्टीला हाताने घासून जुळवलेला असे. दुसऱ्या रायफलवरचा आणून सरकवला तर एक तर अडकतो, नाही तर खुळखुळतो. एवढी यातायात कशासाठी? त्या काळच्या दुर्बिणी आजच्यासारख्या हवाबंद नसत. पावसात आत वाफ धरली की शिकारी दुर्बीण काढून खिशात टाकी आणि उजवीकडे बसवलेल्या लायमन 48 या बिनभिंगाच्या साइटच्या छिद्रातून नेम धरी. तो माउंट नखऱ्यापायी नव्हे, पावसापायी जन्माला आला.

अंधूकपणाबद्दल तुमचं खरं आहे. झाइस या जर्मन भिंगांच्या कंपनीत शास्त्रज्ञ स्माकुला यांनी भिंगावरचा परावर्तन रोखणारा लेप 1935 साली शोधला, पण तो शिकारी दुर्बिणींत सर्रास आला युद्धानंतर. संधिप्रकाशात आजची साधी दुर्बीणसुद्धा जुन्या झाइसपेक्षा जास्त दाखवते. त्या जर्मन दुर्बिणींना बऱ्याचदा फक्त वरखाली करायचा स्क्रू असे. डावं-उजवं माउंटवर सोडलेलं. शिवाय स्क्रू फिरवला की चित्रातली नेम धरायची तारच मध्यावरून सरकते. त्रास आहे, नाकारत नाही.

पण नवी दुर्बीण लावायची म्हणजे काय करावं लागतं, ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही. लायमन अलास्कन या जुन्या अमेरिकी दुर्बिणीची नळी साधारण 22 मिलिमीटर, जर्मन दुर्बिणींची 26, आजच्या दुर्बिणींची 25.4 किंवा 30. जुनी रिंग नव्या नळीला बसत नाही. मग कोणी 25.4ची नळी 26च्या रिंगेत आवळून चेपतो, तर कोणी रिसिव्हरच्या डोक्यावर ड्रिल लावून नवे आटे पाडतो. पेशवाई वाड्याच्या दिंडी दरवाजाला रोलिंग शटर ठोकण्यातलाच हा प्रकार. दुर्बीण उद्या काढता येईल, भोकं बुजत नाहीत.

एक गोष्ट मान्य : 1930च्या रायफलवर बाजारातून त्याच काळाची दुर्बीण आणून बसवली, तर ती 'काळाला धरून' झाली, 'मूळची' नव्हे. विकताना हे कागदावर स्पष्ट लिहावं. न लिहिणारे विक्रेते भरपूर आहेत, आणि त्यांना मी फसवेच म्हणतो.

आता तुमचा भाचा. दुर्बिणीचा वाद राहू द्या, त्याला आधी रिसिव्हरवरचा लष्करी क्रमांक बघायला सांगा. स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी कारखान्याची असेल आणि क्रमांक 8,00,000च्या खाली असेल, किंवा रॉक आयलंड आर्सेनल या दुसऱ्या कारखान्याची असून 2,85,507च्या खाली असेल, तर ती भिंतीवरच बरी. 1918पर्यंत तिथले कामगार रिसिव्हर घडवताना तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पारखत. ऊन आणि मळभ यांत तो वेगळा दिसे, आणि काही रिसिव्हर जास्त तापून ठिसूळ झाले. सुरुवातीच्या कित्येक सुंदर स्पोर्टर (शिकारीसाठी घडवलेल्या) रायफली याच रिसिव्हरवर बांधलेल्या आहेत. 'रायफल हे हत्यार आहे, वापरायलाच हवं' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

क्रमांक त्यापुढचा निघाला, तर अनुभवी गनस्मिथकडून तपासून घेऊन खुशाल वापरू दे. डाव्या अंगाला नुसती रिकामी पट्टी असेल, तर ड्रिलवाल्याकडे जाण्याआधी तिचा स्वच्छ उजेडात काढलेला फोटो आणि पट्टीची लांबी-रुंदी मला पाठवायला सांगा. धारक कोणत्या प्रकारचा शोधायचा, ते त्यावरून बहुतेक सांगता येईल. हरणाच्या मोसमाची घाई असेल तर त्याने दुकानातून एक साधी नवी रायफल घ्यावी. तिच्यावर हवी ती दुर्बीण लावा, मी चकार शब्द काढणार नाही.