गणिताची पदवी म्हणजे निम्मा अ‍ॅक्चुअरी नव्हे

बी.एस्सी.चे निकाल लागले की एक मेसेज हमखास फिरतो: "गणितात पदवी घेतलीत ना? मग एम.एस्सी., नेटच्या मागे कशाला लागता? अ‍ॅक्चुअरी व्हा. निम्मे पेपर माफ, उरलेलं नुसतं गणित, तीन वर्षांत फेलो. मुंबईत तर विमा कंपन्या वाटच बघताहेत." अ‍ॅक्चुअरी म्हणजे विम्यातली जोखीम आणि त्यासाठी लागणारा पैसा गणिताने मोजणारा तज्ज्ञ; फेलो म्हणजे पूर्ण पात्र झालेला अ‍ॅक्चुअरी. क्षेत्र चांगलंच आहे. पण या मेसेजच्या भरवशावर एम.एस्सी.ची जागा सोडू नका.

पदवी गणिताची आहे एवढ्यावर एकही पेपर माफ होत नाही. सुरुवात एसीईटी या प्रवेश परीक्षेपासून: 3 तास, 70 प्रश्न, 100 गुण. बारावी झालेली मुलंही तीच देतात. ती पास झालात की अ‍ॅक्चुअरींच्या संस्थेचं (इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया) फक्त विद्यार्थी सदस्य होता येतं.

"नुसतं गणित" हा सगळ्यात घातक गैरसमज. सीएम2 या गणिताच्याच पेपरात चेन लॅडर पद्धत येते. दाव्यांपोटी अजून किती पैसे द्यावे लागतील, याचा अंदाज मागच्या वर्षांवरून काढायचा. समजा, मोटार विम्यात एका वर्षाच्या अपघातांपोटी मार्चअखेर 40 कोटींचे दावे भागवले आणि पुढच्या मार्चपर्यंत तोच आकडा 60 कोटींवर गेला. गुणक 1.5. यंदा मार्चअखेर 50 कोटी भागवलेत, म्हणजे 75 कोटींपर्यंत जाणार; 25 कोटी बाजूला ठेवा. इथवर दहावीचा मुलगाही करील. पण यंदा 26 जुलै 2005 सारखा पाऊस झाला असेल तर? (त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिमी नोंदला गेला होता.) समजा, बुडालेल्या गाड्यांचे 15 कोटींचे दावे पावसाळ्यातच आले आणि मार्चच्या आत मिटले. ती रक्कम पुढे वाढणारच नाही. ती वगळून 35 ला 1.5 ने गुणलं की 52.5, त्यात 15 मिळवले की 67.5. बाजूला ठेवायचे 17.5 कोटी, 25 नव्हे. गुणाकार पहिल्या वेळीही बरोबरच होता. चुकलं ते आकड्यामागे काय घडलं हे न विचारणं. सिद्धता लिहून तरबेज झालेला विद्यार्थी नेमका इथे अडकतो.

पुढे सीपी1 (अ‍ॅक्चुअरीचं प्रत्यक्ष काम) आणि एसए (शेवटचा विशेष विषय) या पेपरांत तर पानंच्या पानं गद्य लिहावं लागतं. एकच मुद्दा तीनदा फिरवून लिहिला तरी गुण एकदाच.

तीन वर्षांचा हिशेब स्वतःच मांडून बघा. 2019 च्या रचनेत फेलो होईपर्यंत 13 पेपर, वर्षाला दोन सत्रं. दर सत्रात दोन पेपर दिले आणि एकदाही नापास झालं नाही, तरी सात सत्रं, म्हणजे साडेतीन वर्षं. नोकरी सांभाळून हे फार थोड्यांना जमतं. कामाच्या अनुभवाची अट वेगळीच.

मुंबईत कंपन्या आहेत हे खरं, पण नुसत्या एसीईटीवर सहसा कुणी घेत नाही. दोन-तीन पेपर हातात असले की मुलाखतीचं बोलावणं येऊ लागतं.

म्हणून एम.एस्सी. सोडू नका, विषय निवडायची मुभा असेल तर संख्याशास्त्र घ्या, सीएस1 या संख्याशास्त्राच्या पेपराचा बराच भाग त्यातच होतो. सोबत एसीईटी देऊन पहिल्याच सत्राला सीएस1 ला बसा. त्याचा 'बी' पेपर संगणकावर, आर या संख्याशास्त्रासाठीच्या संगणकभाषेत सोडवायचा असतो. तिथे डेटा वाचून रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज देणारं समीकरण) बसवायचं आणि निष्कर्ष दोन ओळींत शब्दांत लिहायचा. त्या दोन ओळी लिहिताना कंटाळा आला, तर सीपी1 ची फी भरण्याआधी पुन्हा विचार करा.