हैतीच्या शापाचे हप्ते

परवा सकाळी सहाला मावशीचा मेसेज आला. 'हैती: सैतानाला विकलेला देश'. खाली कवट्या, मेणबत्त्या आणि 'शंभर जणांना पाठवा'. मावशीची स्वतःची एक ओळ: "तू असलं वाचतोस ना, खरं आहे का रे?" उत्तर देईपर्यंत तिने तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलाही होता.

मजकुराचं म्हणणं असं. १७९१ मध्ये हैतीच्या (कॅरिबियन समुद्रातली तेव्हाची फ्रेंच वसाहत) गुलामांनी सैतानाशी करार करून फ्रेंचांना हाकललं, म्हणून देश आजही कंगाल. वूडू, म्हणजे तिथल्या लोकांची आफ्रिकेतून आलेली श्रद्धा, हा धर्मच नाही, काळी जादू आहे. तिथे बाहुलीला टाचण्या टोचून माणसं मारतात, मेलेली उठवतात. आणि तिथल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाने या प्रकाराची बाजू घेतलेली नाही.

आधी सैतान. ही कथा जगभर गाजवली अमेरिकेतले टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी, १३ जानेवारी २०१० ला. हैतीतला भूकंप आदल्या दिवशीचा, माणसं अजून ढिगाऱ्याखाली, आणि हे गृहस्थ सांगतात की तिसऱ्या नेपोलियनच्या टाचेखालून सुटायला या लोकांनी सैतानाला शब्द दिला होता. तिसरा नेपोलियन जन्मला १८०८ ला. हैती स्वतंत्र झाला १ जानेवारी १८०४ ला. म्हणजे जो अजून जन्मायचाच होता त्याच्या जाचातून सुटण्यासाठी करार!

काहीतरी घडलं होतं, हे मान्य. ऑगस्ट १७९१ मध्ये बोआ काइमान नावाच्या ठिकाणी गुलाम रात्री जमले, काळं डुक्कर बळी दिलं, असं आंत्वान दाल्मास नावाच्या डॉक्टरने लिहिलंय. पुस्तक छापलं १८१४ मध्ये आणि लेखक मळेवाल्यांच्या बाजूचा. गुलामांविषयी त्याला काडीची माया नाही. तरी तोही लिहितो की बळी काळ्या लोकांच्या सर्वशक्तिमान दैवताला दिला. सैतान त्यालासुद्धा दिसला नाही.

आणि कंगाली? १७ एप्रिल १८२५ ला फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने फर्मान काढलं आणि ते युद्धनौकांसोबत धाडलं. स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर १५ कोटी फ्रँक मोजा, जुन्या मळेमालकांची भरपाई म्हणून. त्या 'नुकसानी'त सुटलेले गुलाम स्वतःही धरलेले होते. पहिला हप्ता भरायला पैसे नव्हते, ते फ्रेंच सावकारांकडूनच कर्जाऊ घ्यावे लागले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण या भरपाईपोटी काढलेली कर्जं फिटायला १९४७ उजाडलं. मधल्या काळात, डिसेंबर १९१४ मध्ये, अमेरिकी नौसैनिकांनी तिथल्या बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचललं आणि पुढच्या वर्षी देशच ताब्यात घेतला, तो १९३४ पर्यंत. याला शाप म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पावत्या आहेत.

बाहुल्या-टाचण्यांवर फार वेळ घालवत नाही. तो माल युरोपातल्या जुन्या चेटकाचा आणि हॉलिवूडचा. 'व्हाइट झोंबी' हा सिनेमा १९३२ चा, म्हणजे अमेरिकी ताब्याच्याच काळातला. मात्र झोंबीची, म्हणजे मेल्यावर उठवून दुसऱ्याच्या हुकमात ठेवलेल्या माणसाची, भीती तिथे खरीच आहे. हैतीच्या जुन्या दंडसंहितेचं कलम २४६ सांगतं की जीव न घेता दीर्घ गुंगी आणणारा पदार्थ देणं हा विषप्रयोग, आणि त्या गुंगीत माणसाला पुरलं तर खून. पण हे गुन्ह्याचं कलम झालं. त्यात धर्म कुठे आला?

आता 'एकाही शिकलेल्या माणसाने' या वाक्याकडे. मला खरा राग याचाच आला. ज्याँ प्राइस-मार्स, जन्म १८७६, ग्रांद-रिव्हिएर-द्यु-नोर. डॉक्टर, राजदूत, सिनेटर, मानववंशशास्त्रज्ञ. देश परक्यांच्या ताब्यात असताना, १९२८ मध्ये, त्यांनी 'आँसी पार्ला लोंक्ल' लिहिलं, म्हणजे 'असं बोलला काका'. लोककथा, गाणी, म्हणी, शेतकऱ्यांचे देव, सगळं त्यात आहे. वूडू हा धर्म का, हे ते वकिलासारखं मांडतात. माणसांच्या निकट वावरणाऱ्या दैवतांवर श्रद्धा आहे, पुजारी आहेत, देवळं, वेद्या, विधी आहेत, तोंडी चालत आलेली परंपरा आहे. मग आणखी काय हवं? वूडूत दैवत माणसावर स्वार होतं, तो माणूस त्याचा घोडा. मावशी, आपल्या गावच्या जत्रेत देवी अंगात येते तेव्हा तू ओटी घेऊन पुढे होतेस ना?

त्यांचा खरा मार होता तो स्वतःच्याच वर्गावर, फ्रेंच बोलणाऱ्या शहरी साहेबांवर. आपण जे नाही तेच आहोत असं मानून जगण्याच्या खोडीला त्यांनी 'सामूहिक बोव्हारीपणा' म्हटलं, फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या कादंबरीतल्या मादाम बोव्हारीवरून. १९५६ मध्ये पॅरिसला कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांची पहिली परिषद भरली, तिचे अध्यक्ष हेच.

एक कडू गोष्ट राहिली. १९५७ मध्ये सत्तेवर आलेला हुकूमशहा दुवालिए स्वतःला याच विचारांचा वारस म्हणवत असे, आणि वूडूचा धाक त्याने राजकारणात पुरेपूर वापरला. इतकं त्या फॉरवर्डच्या पदरात टाकायला हरकत नाही. पण प्राइस-मार्स गप्प बसले नाहीत. १९६७ मध्ये, नव्वदीत, दुवालिए गादीवर असताना, त्यांनी राजधानी पोर्तोप्रिन्सहून खुलं पत्र छापलं आणि सगळ्या सामाजिक प्रश्नाचं मूळ कातडीच्या रंगात शोधणाऱ्यांना सुनावलं.

मावशी, भजनी मंडळाच्या ग्रुपवरून तो मेसेज अजून काढता येत असेल तर आजच काढ.