साडेबारा किलो सूत

“तुमच्या जावाला मराठी येत नाही होय?” बुधवारी सकाळी एका टॉवेल कारखान्यात पंधरा माणसांसमोर दिवाणजींनी मला हे विचारलं. आज शनिवार आहे, अजून डोक्यातनं उतरलेलं नाही.

प्रकरण एवढंच. सुताच्या आणि मालाच्या चिठ्ठ्या फॉर्ममधून रॅबिटएमक्यूच्या, म्हणजे निरोप रांगेत लावून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, रांगेत येतात. जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला माझा प्रोग्रॅम एकेक उचलून गोदामाच्या हिशोबात टाकतो. मंगळवारी रात्री एक चिठ्ठी त्याला वाचता आली नाही. अशा वेळी काय करायचं हे मी दोन वर्षांपूर्वीच एका ओळीत उरकून टाकलं होतं: बेसिकनॅक, आणि तिसरा पॅरामीटर ट्रू. म्हणजे, मला जमलं नाही, परत रांगेत ठेव. रांगेनं चिठ्ठी जिथून उचलली होती तिथंच ठेवली, सगळ्यांच्या पुढं. प्रोग्रॅमनं तीच पुन्हा उचलली. एका वेळी एकच घ्यायची, हेही मीच सांगून ठेवलेलं. मागं ४१२ चिठ्ठ्या खोळंबल्या. पहाटे चारला एररच्या लॉगनं डिस्क गच्च भरली तेव्हा खेळ थांबला.

त्या वेळी मी जागा होतो, पण कर्तव्यबुद्धीनं नव्हे. पाचव्या दिवसाचं पाणी आलं होतं. सोलापुरात माणूस पहाटे उठला तर नळासाठीच उठतो. उजनी भरलं की आम्ही फोटो टाकतो आणि चार दिवस बॅरल झाकून ठेवतो. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेत मी ते लाल अक्षरांचं पान पाहिलं आणि बादली वाहून गेली. बायको बादलीवरून बोलली. रास्तच होतं.

सकाळी अक्कलकोट रोड गाठला. माग चालू असले की खाजगी बोलणं होत नाही, ओरडावंच लागतं. त्यामुळे जे झालं ते सगळ्या खात्यानं ऐकलं. सुताचा कारकून लग्नाला गेला होता म्हणून ती चिठ्ठी दिवाणजींनी भरली होती. ते टेबलावर शेंगा फोडत बसले होते. टरफलं चलनबुकावर, दाणे तोंडात.

“वजनाच्या रकान्यात काय लिहिलंत, दिवाणजी?”

“साडेबारा.”

“ते दिसतंय. पण मराठी आकड्यात लिहिलंत.”

“मग काय तेलुगूत लिहू? तेबी येतं मला. लिहू का?”

“तसं नाही हो. मशीनला मराठी आकडे…”

“ओ साहेब, थांबा थांबा. परवा चाळीस डझन नॅपकिन मी मराठीतच टाकलो. ते कसं गेलं?”

इथं माझी बोलती बंद. कारण ते खरंच गेलं होतं. जावात पूर्णांक वाचणारं इंटिजर डॉट पार्सइंट देवनागरी आकडे ओळखतं. ‘४०’ दिलं की निमूट चाळीस देतं. अपूर्णांक वाचणाऱ्या डबल डॉट पार्सडबलला मात्र इंग्रजीच आकडे लागतात. ‘१२.५’ दिसलं की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’ अशी तक्रार, फेकून मोकळं. अपूर्णांकासाठीच असलेलं दुसरं साधन, बिगडेसिमल, वापरलं असतं तर त्यानंही मराठी आकडे गोड मानून घेतले असते. वजनाला आणि पैशाला तेच वापरा, असं नव्या पोरांना मीच सांगत असतो. यातलं जमेल तेवढं मी मागांच्या खडखडाटात ओरडून सांगितलं.

दिवाणजींनी एक शेंग फोडली. “म्हणजे पूर्णांक येतो, अपूर्णांक येत नाही. चौथी नापास.”

तांत्रिकदृष्ट्या हे चूक आहे. पण तोवर तीन जॉबर हसत होते.

“आणि वाचता येत नाही म्हणून रात्रभर तीच चिठ्ठी धरून बसलं? किती वेळा वाचलं?”

मी लॉग मोजून आलो होतो. खोटं बोलायला हवं होतं. “नऊ लाख.”

“नऊ लाख वेळा वाचल्यावर तरी कळायला पायजे की बे!”

‘ओ साहेब’वरून थेट ‘बे’.

राग याचा की मला हे सगळं माहीत होतं. रॅबिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर, अ‍ॅक्टिव्हएमक्यू, आपणहून सहा वेळा पुन्हा देऊन बघतं आणि मग चिठ्ठी मृतपत्रांच्या रांगेत टाकतं. रॅबिटच्या ४.० आवृत्तीपासून क्वोरम नावाच्या नव्या प्रकारच्या रांगेलाही २० ची मर्यादा आहे. आमची जुनी क्लासिक रांग, तिला मर्यादा माहीत नाही. डेटाबेस बंद असेल तर थांबून पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे, पण ‘१२.५’ सकाळपर्यंत काही इंग्रजी होत नाही. संध्याकाळी बसून दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. नुसतं ट्रूचं फॉल्स केलं असतं तर चिठ्ठी गायबच झाली असती, म्हणून नाकारलेली चिठ्ठी दुसरीकडे वळवणारं डेड लेटर एक्स्चेंज जोडून वाचता न येणाऱ्यांना स्वतंत्र रांग दिली. नाव ठेवलं ‘पडीक’.

मालक म्हणाले, “दिवाणजींनी चूक पकडली म्हणून बरं.” बरं तर बरं. मार्चच्या बिलाचं विचारलं, तर सोमवारी या म्हणाले. गेल्या सोमवारीही सोमवारीच बोलावलं होतं.

काल संध्याकाळी ‘पडीक’मध्ये पहिली चिठ्ठी आली. वजन: ‘पावणेतेरा’. अक्षरी. पाठोपाठ फोन.

“गेली का बाजूला?”

“गेली, दिवाणजी.”

“बरं. मी बघलालो चालतंय का.”

“आणि सूत? पावणेतेरा किलोच द्यायचं ना?”

“कशाचं सूत? सूत नकोय.”